खाड्याची जयंती

जयंती कमिटीच्या पहिल्या मीटिंगला दर साली तीनच विषय निघतात. मिरवणूक कुठनं काढायची, साऊंड कुणाचा लावायचा आणि वर्गणी कुणाकडनं किती घ्यायची. चौथा विषय कुणी काढत नाही, म्हणून तो इथं काढतो. 14 एप्रिलचा रोज कोण देणार?

हसू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरात 14 एप्रिलचा आकडा लाल असतो. तो बघून आपली पोरं छाती काढून म्हणतात, बघा, सरकारला सुट्टी द्यावी लागली! द्यावी लागली हे खरं. पण ती दिली कुणाला?

राज्य सरकार सुट्ट्यांची यादी काढतं, तेव्हा वर कायद्याचं नाव लिहितं: परक्राम्य संलेख अधिनियम, 1881, कलम 25. परक्राम्य संलेख! बिंदू चौकात उभं राहून दहा जणांना विचारा, दहाही तोंडाकडं बघतील. साध्या बोलीत सांगायचं तर हुंडी, चेक आणि वचनचिठ्ठी. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे कधी द्यायचे, असल्या पेढीवरच्या भानगडी मिटवायला इंग्रजानं केलेला हा कायदा. त्याखालची सुट्टी बँकेला लागते, सरकारी कचेरीला लागते. खाजगी कारखान्याला, दुकानाला, ठेकेदाराला ती बांधत नाही. म्हणजे ज्याच्या हातात चेकबुक त्याला बाबासाहेबांची सुट्टी, आणि ज्याच्या हातात खोरं, झाडू, कोयता, हातोडा त्याला खाडा. लाल आकडा एकच, पण एकाच्या पगारात तो जमा आणि दुसऱ्याच्या हजेरीवर लाल शाईचा शून्य.

2025 साली 14 एप्रिल सोमवारी आला. त्याच्या मागं रविवार, त्याच्या मागं दुसरा शनिवार. बँकेतल्या माणसाला सलग तीन दिवस पगारी सुट्टी. आपल्यातलेच साहेब झालेले कितीतरी लोक सकाळी पुतळ्याला हार घालून दुपारी बायकापोरं घेऊन कोकणात उतरले असतील. उतरू देत बिचारे. त्यांना सुट्टी मिळते ह्याचं दुःख नाही. पण त्यांच्याच कचेरीतली फरशी पुसणारी बाई ठेकेदाराची असते, आणि तिचा हिशेब असा की कचेरी बंद म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे रोज नाही. कारकुनाला बाबासाहेबांच्या नावानं दिवसाचा पगार बसून मिळतो आणि त्याच नावानं तिचा रोज बुडतो. एकाच इमारतीत, एकाच तारखेला! कॅलेंडरवर लाल आकडे जितके जास्त, तितका तिचा महिना पातळ.

उलटी बाजू पण बघा. शहर झाडणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी काम दुप्पट. अनंत चतुर्दशी झाली, गाव ढोल-ताशे बडवून दमून झोपलं, की पंचगंगेच्या घाटावरचा कचरा कोण उचलतं? 15 ऑगस्टला सात वाजता झेंडावंदन, म्हणजे पाच वाजता मैदान झाडून पाहिजे. खुर्च्या मांडणारे आपले, चुना टाकणारे आपले. साहेब आले, झेंडा वर गेला, सगळे ताठ उभे राहिले, भाषण झालं, जिलेबी वाटली. मग खुर्च्या परत गोळा करणारे पण आपलेच. स्वातंत्र्य ज्यानं झाडून लख्ख केलं त्याला त्या दिवसाची बदली सुट्टी मिळाली का, हे त्या भाषणात कधी ऐकलंय का कुणी?

हे काही नवीन नाही. गावकीत महाराला सण कधी होता? येसकरपाळी ज्याच्या घरावर असायची त्याला दिवस नाही, रात नाही. पाटलाचा सांगावा, सरकारी टपाल, मेलेलं ढोर, लग्नाचं लाकूड. आणि गावाचा सण म्हणजे तर आपल्या कामाचा कहर. यात्रा त्यांची, पळापळ आपली. मांगाच्या हलगीवर गाव नाचायचं आणि हलगीवाला उभा असायचा उन्हात. त्याचा मोबदला काय? संध्याकाळी टोपलं घेऊन दारोदार जायचं आणि उरलेल्या पोळीचे तुकडे आणायचे. त्याला हक्क म्हणायचे, हक्क! शाहू महाराजांनी 1918 मध्ये करवीर संस्थानात महार वतनं मोडली ती ह्यासाठी. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं ते ह्यासाठी. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं संपायला 1958 उजाडलं.

वतन संपलं आणि ठेका आला. दिवाळीला ठेकेदार मिठाईचा बॉक्स देतो. काजूकतली नव्हे, सोनपापडी. आपला माणूस तो बॉक्स दोन हातांनी घेतो, घरी आणतो, पोरं खूश. पण त्याच महिन्यात 2 ऑक्टोबरचा रोज कापलेला असतो, ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. गावकीतल्या टोपल्याला नुसतं रंगीत कागद चिकटवलंय, दुसरं काय?

एका कारखान्यात फेटलिंगला असलेल्या एका गड्याशी बोललो. कारखाना कुठला ते लिहीत नाही, त्याचं काम जाईल. बोलणं झालं ते असं:

"जयंतीला येतोस न्हवं?"

"येतो की. खाडा करतो."

"पगारी सुट्टी न्हाई व्हय?"

"कुठली पगारी? यादीत दसरा हाय, गणपती हाय, दिवाळीचं दोन हायत. आमचं न्हाई."

"मग मागितली का?"

"कुणाला मागायची? मुकादम म्हणतो, ठेकेदाराला इचार. ठेकेदार म्हणतो, कंपनीला इचार. कंपनी म्हणती, तू आमचा न्हाईसच."

ह्या चार ओळींत सगळं आलं. यादी कुणीतरी आधीच केलेली आहे. ती करताना आपल्याला कुणी विचारलं नाही. आणि विचारायला गेलं तर आपला मालक कोण, हेच सापडत नाही.

आता इतिहास काढतो, कारण तो ठाऊक नसला की माणूस हक्क मागताना सुद्धा भीक मागितल्यासारखा वाकतो.

रविवारची सुट्टी आभाळातनं पडली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्यांनी मागण्या पुढं केल्या. आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. गिरणीमालक हलायला सहा वर्षं गेली. 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. सुट्टी मिळाली, पण त्या दिवशी रोजंदारीवाल्याला मजुरी कुठली? फुकटचा आराम म्हणजे उपाशी आराम.

सुट्टी आणि पगार ह्या दोन गोष्टी ज्यानं कारखान्याच्या कायद्यात एकत्र बांधल्या तो माणूस कोण? जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री म्हणून गेलेले डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या कारकिर्दीत 1945 चा कारखाने दुरुस्ती कायदा झाला आणि बारमाही कारखान्यात वर्षभर नोकरी केलेल्या प्रौढ कामगाराला सलग दहा दिवस आणि बालकामगाराला चौदा दिवस पगारी रजा आली. 1946 च्या दुरुस्तीनं आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आले. आज कुठलाही कामगार, कुठल्याही जातीचा, पगारी रजेवर गावाकडं यात्रेला जातो, तेव्हा त्या रजेच्या अर्जावर ह्या माणसाची सावली असते. आणि त्याच माणसाच्या जन्मदिवसाला त्याच्या माणसांनी खाडा करायचा! ह्यापेक्षा मोठा विनोद महाराष्ट्रात कुठं मिळणार?

एक गोष्ट बारकाईनं बघा, विशेषतः कोल्हापूरकरांनी. ती 1945 ची रजा फक्त बारमाही कारखान्यांना होती. हंगामी कारखाने बाहेर राहिले, आणि तेव्हाच्या कायद्यात साखर आणि गूळ हंगामी उद्योगातच मोडत होते. म्हणजे आपला जिल्हा तेव्हाच कुंपणाबाहेर. आजही हंगामात बीडकडनं येणाऱ्या ऊसतोड जोडप्याच्या कोयत्याला सुट्टी नाही. 6 डिसेंबर फडात, 26 जानेवारी फडात. खाडा झाला तर रोज तर जातोच, वर मुकादम दंड लावतो. पाळीच्या दुखण्यात चार दिवस बसणं परवडत नाही म्हणून बायांनी गर्भपिशव्या काढून घेतल्याचं बीडचं प्रकरण 2019 मध्ये विधिमंडळात गाजलं. पगारी सुट्टी नसणं म्हणजे काय, हे त्या बायांच्या पोटावरचे टाके सांगतात. ज्यांना हा विषय कारकुनी वाटतो त्यांनी ते टाके मोजावेत.

आपली लढाई दुहेरी आहे हे बाबासाहेबांनी फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या आपल्या कामगारांपुढं सांगितलंच होतं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. सुट्टीच्या यादीत ह्या दोघी हातात हात घालून बसलेल्या दिसतात. कुठल्या दिवसाला पगार द्यायचा हे एक ठरवते, आणि कुणाला द्यायचा हे दुसरी. खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू लागतं, मशीन दिवसभर बंद, त्याचा पगार मिळतो. 14 एप्रिलला मशीन चालू. लोखंडाला सुट्टी आहे, माणसाला नाही.

लगेच कुणीतरी टाय सावरत म्हणेल, देशात सुट्ट्याच फार झाल्या, महापुरुषांना काम करून वंदन करा. ऐकायला गोड. 2017 मध्ये उत्तर प्रदेशच्या सरकारनं हेच म्हणत पंधरा सार्वजनिक सुट्ट्या एका फटक्यात रद्द केल्या आणि त्यात 6 डिसेंबरही गेला. विचार बोलून दाखवायला मुहूर्त निवडला तो 14 एप्रिलचा! आपल्याकडचे शहाणेही अठरा तास अभ्यासाचा दाखला देतात. अठरा तास अभ्यास आपलीच पोरं करतात, अभिमानानं करतात. पण वाचनालयात बसलेल्या त्या पोराचा बाप त्या दिवशी कुठं होता ते विचारा. आणि ज्याला वर्षाकाठी एकही पगारी सुट्टी नाही त्याला 'सुट्ट्या फार झाल्या' हे कुठल्या तोंडानं सांगता?

रोजंदारीवाल्याला पगारी सुट्टी देणं कायद्याला जमत नाही, असंही सांगतात. साफ खोटं. मतदानाचा दिवस घ्या. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1996 मध्ये 135 ब हे कलम घातलं. मतदानादिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यायची, आणि ज्याला एरवी अशा दिवसाचा रोज मिळत नाही त्यालाही तो द्यायचा. मालकानं मोडलं तर पाचशे रुपयांपर्यंत दंड. पाचशे रुपये म्हणजे चेष्टाच आहे, पण शब्द बघा. रोजंदारीवाला कसा धरायचा, त्याची पळवाट कशी बुजवायची, हे कायदा लिहिणाऱ्यांना अगदी नीट येतं. आपलं मत पाहिजे त्या दिवशी येतं. आपला बाप आठवायचा त्या दिवशी विसरतात.

तर मग हातात काय आहे? बरंच आहे, आणि आपण ते वाचलेलं नाही म्हणून चीड येते. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा काढा. कलम 18. कामगाराला वर्षात आठ पगारी सणाच्या सुट्ट्या. त्यातल्या चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. त्या दिवशी कामावर ठेवलं तर दुप्पट रोज आणि वर बदली सुट्टी. 14 एप्रिल ठरलेल्या चारात नाही, हे पहिलं. पण उरलेल्या चारात तो घालायला कायद्यानं कुणाला मनाई केलेली नाही, हे दुसरं. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: ही बोलणी होतात डिसेंबरात. आपण जागे होतो मार्चच्या शेवटी, पावतीपुस्तक छापताना. तोवर यादी नोटीस बोर्डावर लागून पिवळी पडलेली असते.

रेघ कुठं ओढलीय तेही बघा. 1948 च्या जुन्या कायद्यात माणसांच्या संख्येची अशी अट नव्हती. 2017 च्या कायद्यानं दहाच्या खालचं दुकान ह्या सुट्ट्यांतनं मोकळं केलं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं दहाची रेघ वीसवर न्यायचा निर्णय घेतला. प्रत्येक वेळी रेघ वर सरकते आणि प्रत्येक वेळी खाली उरतात ते आपले. कापडाच्या दुकानातला घडी घालणारा, हॉटेलातला भांडी घासणारा, चपलेच्या खोलीत पायताण शिवणारा. 2025 च्या उन्हाळ्यात इटलीतल्या प्राडानं कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली म्हणून सगळ्या महाराष्ट्राचा स्वाभिमान उसळला. शिवणाऱ्याला 1 मेचा रोज मिळतो का, ह्यावर कुणाचा उसळला नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावर मजुरी पिकावर आणि मीटरवर, माग थांबला की मजुरी थांबली. तिथं आपला माणूस आणि मुसलमान माणूस शेजारी शेजारी उभे असतात. ईदचा रोज त्याचा बुडतो, जयंतीचा ह्याचा. दोघांनी एक अर्ज केला तर मालकाला दोन वेळा विचार करावा लागेल.

कारखान्यांचं वेगळं. तमिळनाडूत (तेव्हाचा मद्रास) आणि केरळात 1958 मध्येच कारखान्यांसाठी राष्ट्रीय आणि सणाच्या सुट्ट्यांचा स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडं कारखान्यात सणाच्या सुट्ट्या युनियनच्या कराराच्या जोरावर मिळतात, आणि ठेक्यावरच्या माणसाला युनियन कुठली? 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यात. 240 दिवसांऐवजी 180 दिवस भरले की वार्षिक पगारी रजा, असं त्यात आहे. चांगलं आहे. पण ठेकेदार 180 व्या दिवसाआधी नाव बदलून नवीन हजेरी चालू करणार नाही, ह्याची राखण कुणी करायची?

पैशाचा हिशेब एकदा मांडू. समजा रोज 500 रुपये. आठ सुट्ट्यांचे झाले 4,000. वीस माणसांच्या टोळीचे 80,000. दर साली एवढे पैसे एका ठेकेदाराच्या खिशात राहतात. जयंतीला तो त्यातले पाच हजार वर्गणी देतो, आपण स्टेजवर बोलावून त्याच्या गळ्यात निळा पंचा घालतो आणि माईकवर त्याला दानशूर म्हणतो. पंच्याहत्तर हजार आपलेच त्याच्याकडं, आणि वर जयजयकार! ह्या कमिट्यांचा राग येतो तो इथं. डीजेचा आवाज मोठा आहे हे पेपरवाले ओरडतात, त्यांना ओरडू देत. त्या आवाजात खाड्याचा हिशेब ऐकू येत नाही, ही आपली तक्रार.

आपल्या जिल्ह्याला तर ह्या बाबतीत मागं राहायचा अधिकारच नाही. मार्च 1920 मध्ये माणगावला बहिष्कृतांची परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष, शाहू महाराज पाहुणे. तिथं ठराव झाला की महाराजांचा जन्मदिवस आपल्या लोकांनी सणासारखा पाळावा. आपला सण आपण ठरवायचा, गावानं फेकलेला नको, हे त्या मांडवात ठरलं. बिंदू चौकात 9 डिसेंबर 1950 ला बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला तेव्हा ते हयात होते. देशाच्या आधी आपण उभं केलं, हे सांगताना कोल्हापूरकराचा आवाज चढतो. चढू दे. 26 जूनला 2006 पासून सरकार सामाजिक न्याय दिन म्हणतं, पण राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत तो नाही. 6 डिसेंबर 2024 ला सरकारनं स्थानिक सुट्टी दिली ती मुंबईतल्या कचेऱ्यांना. कोल्हापूरवरनं रात्रीच्या गाडीनं दादरला जाणारा माणूस रजा टाकून किंवा खाडा करूनच जातो.

म्हणून, पोरांनो, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसायचं. वस्तीतल्या घराघरात फिरून एक वही भरायची: कोण कुठं कामाला, ठेकेदार कोण, माणसं किती, 26 जानेवारीचा रोज मिळाला का, 14 एप्रिलचा काय झाला. दहा-वीस आस्थापनांची तरी नावं निघतील. मग डिसेंबरात प्रत्येक ठिकाणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज. एकट्याची सही घेऊ नका, त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतील. वीस जणांची घ्या, त्यात मराठा घ्या, धनगर घ्या, मुसलमान घ्या, त्यांच्याही सणाचा एक दिवस अर्जात लिहा. पहिल्या ओळीत मागणी लिहायची, 14 एप्रिल ही येत्या वर्षाची पगारी सुट्टी म्हणून यादीत घ्यावी. दुसऱ्या ओळीत, ठेक्यावरच्या माणसांनाही तीच यादी लागू करावी. तिसऱ्या ओळीत, त्या दिवशी काम घेतल्यास दुप्पट रोज व बदली सुट्टी द्यावी. अर्जाच्या तीन प्रती करायच्या. एक मालकाला, दुसरीवर पोच. पोच देत नसेल तर रजिस्टर टपालानं पाठवायचा आणि पावती वहीत चिकटवायची. तिसरी प्रत सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कचेरीत, तिथं आवकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खुर्चीवरनं उठायचं नाही. जानेवारीत यादी लागली की तिचा फोटो काढून ठेवा, आणि मेच्या पगाराची चिठ्ठी आली की एप्रिलचे दिवस मोजा.